कंटेनरला स्वतःचा पत्ता विचारायचा कसा, आणि रजिस्ट्रीत नोंदवायचा कोणता

नागपुरात कोणाला घराचा पत्ता विचारा, घर नंबर सगळ्यात शेवटी येतो. आधी उलटा प्रश्न येतो, ‘तुम्ही कुठून येऊन राहिले?’ बर्डीकडून येणाऱ्याला एक रस्ता सांगतात, वर्धा रोडनं येणाऱ्याला दुसरा. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सामानासकट ज्यात वेगळा चालतो तो बंद डबा, आणि रजिस्ट्री म्हणजे कोणती सर्व्हिस कुठल्या पत्त्यावर सापडेल याची वही. कंटेनरमधली सर्व्हिस रजिस्ट्रीत नोंदवताना नवीन मंडळी नेमका हाच प्रश्न विसरतात. ‘माझा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) काय’ एवढंच शोधतात, कुठल्यातरी कमांडनं एक आकडा हाती लागतो, तो नोंदवतात आणि मग दोन दिवस ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ बघत बसतात. आकडा खोटा नसतो. फक्त ज्याला यायचं आहे त्याच्या रस्त्यावर तो नसतो.

परसोडीच्या आयटी पार्कच्या अलीकडे आमचं लहानसं ऑफिस आहे. दरवर्षी दोन-चार नवीन मुलं-मुली येतात आणि याच खड्ड्यात पडतात. मीही पडलो होतो, ते पुढे सांगतो.

कमांड आणि सेटिंगची नावं इथं उच्चारावरून देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायची. लहान-मोठ्या अक्षरानं जिथं फरक पडतो तिथं तसं सांगतो.

आधी ठरवा: पत्ता लागतोच का?

तुमचे सगळे कंटेनर एकाच मशीनवर आणि एकाच डॉकर कंपोझ फाइलमध्ये असतील (डॉकर कंटेनर चालवतो, कंपोझ अनेक कंटेनर एका फाइलीवरून एकत्र सुरू करतं), तर हा लेख बाजूला ठेवला तरी चालेल. कंपोझ प्रत्येक प्रोजेक्टसाठी स्वतंत्र नेटवर्क बनवतं आणि त्यातल्या प्रत्येक कंटेनरला १२७.०.०.११ या पत्त्यावर डॉकरचा स्वतःचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा, मिळतो. कंपोझ फाइलमध्ये सर्व्हिसचं नाव ‘भाव’ असेल, तर दुसऱ्या कंटेनरमधून ‘भाव’ या नावानंच ती सापडते. आयपी बदलला तरी नाव तेच राहतं. काम झालं.

एक अट मात्र लक्षात ठेवा. ही नावाची सोय तुम्ही स्वतः बनवलेल्या नेटवर्कवरच आहे. नुसतं ‘डॉकर रन’ करून सोडलेला कंटेनर डिफॉल्ट ब्रिजवर, म्हणजे डॉकरनं आधीच बनवून ठेवलेल्या नेटवर्कवर, जातो आणि तिथं नावानं कोणी कोणाला ओळखत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून ‘डॉकर नेटवर्क क्रिएट मंडी’ असं आपलं नेटवर्क बनवा आणि कंटेनर त्यातच सुरू करा.

रजिस्ट्री लागते ती मशीनं एकाहून जास्त झाली की. किंवा एकाच सर्व्हिसच्या चार प्रती वर-खाली होत असतात आणि ‘आत्ता जिवंत कोण’ हे कोणीतरी सांगायला हवं असतं तेव्हा. कॉन्सुल, युरेका ही त्यातली नेहमीची नावं. यापुढची उदाहरणं बहुतेक कॉन्सुलची देतो, कारण आम्ही तेच वापरतो.

आत शिरून बघा

एखाद्या चालू कंटेनरमध्ये शिरा: ‘डॉकर एक्झेक -आयटी भाव एसएच’. मग ‘आयपी अ‍ॅड्र’ ही कमांड द्या. साधारण असं दिसेल:

१: एलओ … आयनेट १२७.०.०.१/८
२: ईथ०@इफ१३ … आयनेट १७२.१८.०.३/१६

या दोन ओळी नीट वाचायला शिकलात की अर्धं काम झालं. पहिली ओळ लूपबॅकची. १२७.०.०.१ म्हणजे ‘मी स्वतः’. प्रत्येक कंटेनरचा ‘मी’ वेगळा, म्हणून हा पत्ता दुसऱ्याला देऊन उपयोग नाही. कोणी दारावर येऊन ‘कोण?’ विचारल्यावर ‘मी’ म्हणतं ना, तेवढीच माहिती त्यात असते.

दुसरी ओळ खरी. ईथ० हे कंटेनरचं नेटवर्क कार्ड, पण खरं कार्ड नव्हे. एका काल्पनिक केबलचं हे एक टोक आहे, दुसरं टोक होस्ट मशीनवर (कंटेनर ज्याच्यावर चालतात ते मशीन) ब्रिजमध्ये, म्हणजे कंटेनरना एकमेकांशी जोडणाऱ्या काल्पनिक स्विचमध्ये, खोचलेलं आहे. ‘@इफ१३’ म्हणजे ते दुसरं टोक होस्टवर १३ व्या क्रमांकाला आहे. होस्टवर ‘आयपी लिंक’ करून १३ नंबरची ओळ बघा, ‘विथ’नं सुरू होणारं नाव दिसेल. एकदा हे स्वतःच्या डोळ्यांनी बघाच, मग कंटेनरचं नेटवर्क जादू वाटायचं बंद होतं.

शेवटच्या ‘/१६’चा अर्थ, पत्त्याचे पहिले दोन आकडे पूर्ण नेटवर्कला सारखे. डॉकरचा डिफॉल्ट ब्रिज सहसा १७२.१७.०.० वर असतो. ब्रिजला १७२.१७.०.१ मिळतो आणि पहिल्या कंटेनरला १७२.१७.०.२. तुम्ही बनवलेलं नेटवर्क मग १७२.१८ किंवा त्यापुढचं घेतं. १७२.१६ ते १७२.३१ ही सगळी गल्ली खाजगी वापरासाठी राखून ठेवली आहे, तशीच १० नं सुरू होणारी आणि १९२.१६८ नं सुरू होणारी. खाजगी म्हणजे तुमच्या मशीनवर १७२.१८.०.३ आहे आणि शेजारच्या मशीनवरही १७२.१८.०.३ असू शकतो. दोन्ही आपापल्या घरात खरे. एवढ्या एका वाक्यावर पुढची सगळी डोकेदुखी उभी आहे.

कंटेनरला पत्ता विचारायच्या तऱ्हा

सर्वात सोपी, ‘होस्टनेम -आय’, यातला आय लहान. कंटेनर सुरू होताना डॉकर त्याच्या ‘ईटीसी’ खालच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये कंटेनरचं नाव आणि आयपी लिहून ठेवतो. तुम्ही वेगळं नाव दिलं नसेल तर हे नाव म्हणजे कंटेनरच्या आयडीची पहिली १२ अक्षरं. ही कमांड तेच नाव शोधून समोरचा आकडा देते. एकच नेटवर्क असेल तर पुरेसं.

मोठ्या आयची ‘होस्टनेम -आय’ वेगळी. ती नावाच्या भानगडीत न पडता लूपबॅक सोडून असतील तेवढे सगळे पत्ते एका ओळीत देते. इमेज म्हणजे कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा. डेबियन या लिनक्सवरच्या इमेजमध्ये ही कमांड चालते. अल्पाइनमध्ये चालत नाही, कारण अल्पाइन हे छोटं लिनक्स, आणि तिथल्या बिझीबॉक्सच्या (आटोपशीर कमांडचा संच) होस्टनेमला मोठा आय ठाऊकच नाही. लॅपटॉपवर डेबियन आणि सर्व्हरवर अल्पाइन असं असेल तर सुरुवातीची स्क्रिप्ट इथंच तोंडघशी पडते.

उलट ‘आयपी’ ही कमांड अल्पाइनमध्ये मिळते आणि डेबियनच्या स्लिम इमेजमध्ये नसते. आणि डिस्ट्रोलेस इमेजमध्ये, म्हणजे जिथं प्रोग्रॅमपुरतंच सामान असतं तिथं, तर कमांड द्यायला शेलच नाही, विचारणार कोणाला? त्यावरचा उपाय शेवटी सांगतो.

बाहेरून, म्हणजे होस्टवरून विचारायचं तर ‘डॉकर इन्स्पेक्ट भाव’ करा आणि ‘नेटवर्क सेटिंग्ज’ खाली ‘नेटवर्क्स’ बघा. जितक्या नेटवर्कला कंटेनर जोडला आहे तितके पत्ते तिथं दिसतात. डोळ्यांनी बघायला हे उत्तम. पण इथून आकडा उचलून कुठं लिहून ठेवू नका.

मी लिहून ठेवला होता

कळमन्याच्या एका संत्रा व्यापाऱ्यासाठी आम्ही तीन सर्व्हिस लिहिल्या होत्या. ‘आवक’ म्हणजे माल किती आला, ‘भाव’ म्हणजे आजचा दर, आणि ‘पावती’. मी इन्स्पेक्ट करून भावचा पत्ता १७२.१८.०.३ आणि आवकचा १७२.१८.०.४ बघितला आणि दोन्ही नोंदणीच्या फाइलमध्ये हातानं टाकून दिले. तीन महिने सुरळीत चाललं.

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली, यूपीएसही दमला आणि मशीन बसलं. लाइट आल्यावर मशीन उठलं, कंटेनर आपोआप सुरू झाले, आणि अर्ध्या तासात व्यापाऱ्याचा फोन. पावतीवर दरच येत नाही.

आमच्याकडची नवीन मुलगी स्क्रीन बघून म्हणाली, “सर, रजिस्ट्रीत तर सगळं हिरवं आहे.”

“मग भाव कोण देऊन राहिलं?”

“कोणीच नाही. चारशे चार येऊन राहिलं.”

चारशे चार म्हणजे दार उघडणारा कोणीतरी आहे, पण मागितलेली वस्तू त्याच्याकडे नाही. आम्ही इन्स्पेक्ट केलं आणि मी कपाळावर हात मारला. या वेळी आवक आधी सुरू झाली होती, म्हणून ०.३ तिला मिळाला आणि भावला ०.४. डॉकर पत्ते सुरू होण्याच्या क्रमानं वाटतो, कोणाच्या नावावर राखून ठेवत नाही. दोन्ही सर्व्हिस ८०८० या पोर्टवरच (पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक) ऐकत होत्या आणि दोन्हीकडे ‘हेल्थ’ला, म्हणजे ‘जिवंत आहेस का’ या चौकशीला, ‘ओके’ हेच उत्तर होतं. रजिस्ट्रीनं भावची तब्येत विचारली, आवकनं ‘मी ठणठणीत’ म्हणून सांगितलं. हिरवं दिसणारच.

त्यातून दोन गोष्टी आम्ही लगेच बदलल्या. पत्ता प्रत्येक वेळी सुरू होताना कंटेनरनं स्वतः शोधायचा, हे एक. आणि ‘हेल्थ’च्या वाटेत सर्व्हिसचं नाव घालायचं, म्हणजे ‘भाव/हेल्थ’, हे दुसरं. चुकीच्या घरी गेलेली चौकशी मग आपोआप नापास होते. ‘--आयपी’ देऊन पत्ता पक्का करता येतो, पण त्यासाठी नेटवर्क बनवतानाच सबनेट ठरवून द्यावं लागतं आणि एका सर्व्हिसच्या चार प्रती असतील तर ते जमत नाही. मी त्या वाटेला जात नाही.

दोन नेटवर्क असतील तर

कंटेनर एकाहून जास्त नेटवर्कला जोडलेला असतो तेव्हा ‘होस्टनेम’ची उत्तरं जुगार होतात. समजा एक नेटवर्क डेटाबेसकडे जातं, दुसरं बाकी सर्व्हिसकडे. ईथ० कुठलं आणि ईथ१ कुठलं याच्यावर विसंबून लिहिलेली स्क्रिप्ट आज चालेल, उद्या नाही. डॉकर स्वॉर्ममध्ये, म्हणजे अनेक मशीनं मिळून कंटेनर चालवतात तिथं, तर पोर्ट उघडलेल्या कंटेनरला ईथ०, ईथ१, ईथ२ असे तीन-तीन पत्ते दिसतात, त्यातला एक बाहेरची रहदारी आत आणणाऱ्या नेटवर्कचा, एक होस्टकडे जाणाऱ्या ब्रिजचा आणि एक तुमच्या कामाचा.

इथं कार्डाचं नाव विचारू नका, रस्ता विचारा. ‘आयपी राउट गेट’ आणि पुढं रजिस्ट्रीचा पत्ता द्या. उत्तरात ‘एसआरसी’ या शब्दानंतर जो आकडा येतो, तो म्हणजे त्या दिशेनं निघताना कंटेनर वापरेल तो स्वतःचा पत्ता. कुठून येऊन राहिले, हा सुरुवातीचा प्रश्न इथं कर्नलच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच, सोडवून देतो.

हीच गोष्ट प्रोग्रॅममधून करता येते आणि मला विचाराल तर नवीन माणसानं शिकायची ही एकच युक्ती. कुठलीही बाहेरची कमांड लागत नाही, म्हणून स्लिम, अल्पाइन, डिस्ट्रोलेस सगळीकडे चालते. पायथनमध्ये चार ओळी होतात. यूडीपी प्रकारचा सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅमचं नेटवर्कशी बोलायचं टोक, उघडा. त्याला रजिस्ट्रीच्या पत्त्यावर आणि पोर्टवर ‘कनेक्ट’ सांगा. मग त्याच सॉकेटला ‘गेटसॉकनेम’ विचारा आणि उत्तरातला पहिला भाग घ्या. सॉकेट बंद करा.

यात मजा अशी की नेटवर्कवर एकही पॅकेट जात नाही. टीसीपीमध्ये ‘कनेक्ट’ म्हटलं की समोरच्याशी हस्तांदोलन होतं. यूडीपीत ‘कनेक्ट’ म्हणजे कर्नलला नुसतं सांगणं की मी यापुढं अमक्याला लिहिणार आहे. कर्नल राउटिंगचं टेबल उघडतो, कुठल्या कार्डातून जावं लागेल ते ठरवतो आणि त्या कार्डाचा पत्ता सॉकेटला चिकटवून ठेवतो. तेवढाच आपल्याला हवा असतो. रजिस्ट्री बंद असली तरी उत्तर मिळतं, फक्त तिचं नाव देत असाल तर ते डीएनएसमध्ये सापडायला हवं.

पुष्कळ ठिकाणी या युक्तीत गूगलचा ८.८.८.८ टाकलेला सापडतो. तो टाकू नका. त्यानं इंटरनेटकडे तोंड असलेल्या कार्डाचा पत्ता मिळतो, आणि तुमच्या सर्व्हिसना बोलायचं असतं आतल्या आत.

कॉन्सुलचा एजंट, म्हणजे मशीनवर त्याच्या वतीनं नोंदी घेणारा प्रोग्रॅम, स्वतःच कंटेनरमध्ये असेल तर त्याच्या ‘बाइंड’च्या (कुठल्या पत्त्यावर ऐकायचं त्या) सेटिंगमध्ये आकड्याऐवजी ‘गेटइंटरफेसआयपी’ आणि कार्डाचं नाव, किंवा ‘गेटप्रायव्हेटआयपी’, असा साचा लिहिता येतो. एजंट सुरू होताना तो स्वतः भरून घेतो. सोय चांगली आहे, पण कार्डाच्या नावाचं जे वर सांगितलं ते इथंही लागू.

येणारा दुसऱ्या मशीनवर असेल तर

आता खरा पेच. पावती दुसऱ्या मशीनवर आहे आणि भावनं आपला १७२.१८.०.३ नोंदवला. पावतीच्या मशीनला तो रस्ता ठाऊक नाही. किंवा, जास्त वाईट, तिच्या स्वतःच्या मशीनवर एक १७२.१८.०.३ आहे आणि ती तिथंच जाऊन धडकते. फ्लॅटचा नंबर दिला, बिल्डिंगचं नाव नाही, अशातली गत.

अशा वेळी नोंदवायचा तो होस्ट मशीनचा पत्ता आणि होस्टवर उघडलेला पोर्ट. ‘डॉकर रन -पी ८०८१:८०८०’ म्हटल्यावर डावीकडचा ८०८१ होस्टचा, उजवीकडचा ८०८० आतला. रजिस्ट्रीत जायला हवा ८०८१. नवीन मुलं हटकून ८०८० नोंदवतात, कारण त्यांच्या कोडला तोच माहीत असतो.

आणि हे दोन्ही, होस्टचा पत्ता आणि बाहेरचा पोर्ट, कंटेनरला आतून कळत नाहीत. आत बसून त्याला एवढंच दिसतं की गेटवे, म्हणजे बाहेर पडायचं दार, १७२.१८.०.१ आहे. तो होस्टचाच, पण ब्रिजच्या बाजूचा. तो नोंदवून भागत नाही. म्हणून माहिती बाहेरून आत पाठवावी लागते. सगळ्यात साधा मार्ग, कंटेनर सुरू करतानाच दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून नावानिशी दिलेली माहिती) द्यायची, ‘होस्ट आयपी’ आणि ‘होस्ट पोर्ट’. होस्टचा आयपी सुरू करणाऱ्या स्क्रिप्टनं वर सांगितलेल्या ‘आयपी राउट गेट’नंच काढावा.

कॉन्सुल वापरत असाल आणि होस्टवर त्याचा एजंट चालत असेल तर आणखी सोपं. नोंदणीत ‘अ‍ॅड्रेस’ रिकामा सोडा, फक्त बाहेरचा पोर्ट द्या. पत्ता रिकामा असला की कॉन्सुल एजंटच्या मशीनचा पत्ता धरतो, आणि आपल्याला तोच हवा असतो.

तिसरा मार्ग, नोंदणीचं काम कंटेनरकडून काढूनच घ्यायचं. ‘रजिस्ट्रेटर’ नावाचं साधन होस्टवर डॉकरच्या सॉकेटवर कान लावून बसतं. कुठला कंटेनर उठला, त्याचे कुठले पोर्ट उघडले, हे त्याला डॉकरकडूनच कळतं आणि ते परस्पर नोंद करतं. मात्र डॉकरचा सॉकेट हाती देणं म्हणजे त्या मशीनच्या सगळ्या किल्ल्या देणं, एवढं समजून द्या.

‘--नेटवर्क होस्ट’ दिलं तर कंटेनर होस्टचंच नेटवर्क वापरतो, वेगळा पत्ताच उरत नाही, -पी लागत नाही. सोपं वाटतं. पण दोन प्रती एकाच पोर्टवर बसू शकत नाहीत. शिवाय एक काटा आहे. होस्ट डेबियन किंवा उबुंटू असेल तर त्याच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये मशीनच्या नावासमोर बऱ्याचदा १२७.०.१.१ असतं, आणि लहान आयची ‘होस्टनेम’ तेच उचलून देते. नोंदणीच्या स्क्रिप्टमध्ये म्हणूनच एक तपासणी टाकून ठेवा: पत्ता १२७ नं सुरू होत असेल तर तिथंच थांबायचं, नोंदवायचं नाही.

नोंद करताना

कॉन्सुलच्या एजंटला ८५०० पोर्टवर ‘व्ही१/एजंट/सर्व्हिस/रजिस्टर’ या वाटेनं पुट विनंती पाठवायची. जेसनमध्ये नेम, आयडी, अ‍ॅड्रेस, पोर्ट आणि चेक, म्हणजे तब्येतीची चौकशी कुठं करायची ते.

आयडी न चुकता द्या. दिला नाही तर कॉन्सुल नावालाच आयडी समजतो आणि त्याच एजंटवर दुसरी प्रत नोंदवली की पहिली पुसली जाते. दोन प्रती चालू, रजिस्ट्रीत एक, असा चमत्कार दिसला तर कारण हेच. आम्ही नावाला कंटेनरचं १२ अक्षरी होस्टनेम जोडतो.

चेकमध्ये दिलेला पत्ता एजंटला पोचता आला पाहिजे, कारण चौकशीला तोच जातो. तिथं १२७.०.०.१ दिलं आणि एजंट वेगळ्या कंटेनरमध्ये असला, तर तो स्वतःचंच दार वाजवत बसतो.

क्रम सांभाळा. आधी सर्व्हिसनं पोर्टवर ऐकायला सुरुवात करायची, मग नोंद. ऐकायचं ०.०.०.० वर, म्हणजे सगळ्या कार्डांवर. पुष्कळ फ्रेमवर्क डेव्हलपमेंटमध्ये फक्त १२७.०.०.१ वर ऐकतात, मग नोंदवलेला पत्ता कितीही अचूक असो, बाहेरच्याला दार बंदच. आणि ०.०.०.० हा ऐकायचा पत्ता आहे, नोंदवायचा नाही. हे वेगळं सांगावं लागतं, कारण मी नोंदवलेला बघितला आहे.

जाताना नोंद काढायची. ‘डॉकर स्टॉप’ केल्यावर कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसला सिगटर्म (आवरून घ्यायचा इशारा) जातो आणि १० सेकंदांनी सरळ सिगकिल (जबरदस्तीनं बंद). त्या १० सेकंदांत ‘डीरजिस्टर’ व्हायला हवं. तुमचा प्रोग्रॅम एखाद्या शेल स्क्रिप्टमधून सुरू होत असेल तर पहिली प्रोसेस ती स्क्रिप्ट असते, सिग्नल तिला मिळतो आणि ती तो खाली पाठवत नाही. म्हणून स्क्रिप्टची शेवटची ओळ ‘एक्झेक’नं सुरू करा, म्हणजे प्रोग्रॅमच स्क्रिप्टची जागा घेतो.

लाइट गेली तर मात्र सिग्नलबिग्नल काही नाही. त्यासाठी चेकमध्ये ‘डीरजिस्टरक्रिटिकलसर्व्हिसआफ्टर’ टाका. कमीत कमी १ मिनिट चालतं. आम्ही ५ ठेवतो. नाहीतर मेलेल्या कंटेनरची नावं मतदार यादीसारखी वर्षानुवर्षं तशीच राहतात.

युरेकावाल्यांसाठी दोनच गोष्टी. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमधून नोंदवताना साधारणपणे होस्टनेम जातं, आणि ती १२ अक्षरं दुसऱ्या मशीनला कळत नाहीत. ‘प्रिफर-आयपी-अ‍ॅड्रेस’ ट्रू करा. दोन नेटवर्क असतील तर ‘प्रिफर्ड-नेटवर्क्स’मध्ये आपल्या नेटवर्कचे पहिले आकडे द्या. मूळ सेटिंगनुसार दर ३० सेकंदांनी हजेरी लागते आणि ९० सेकंद हजेरी चुकली की नोंद काढण्याच्या यादीत जाते, म्हणून बंद केलेली सर्व्हिस थोडा वेळ दिसत राहिली तर घाबरू नका.

कुबरनेटीसवर असाल तर

बहुतेक वेळा हे सगळं सोडून द्या. कुबरनेटीस म्हणजे मशीनांच्या समूहावर (क्लस्टरवर) कंटेनर सांभाळणारी व्यवस्था. तिथं प्रत्येक पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाला) स्वतःचा आयपी असतो आणि क्लस्टरमधला कुठलाही पॉड थेट त्यावर पोचतो. नोंदणीचं काम ‘सर्व्हिस’ आणि तिच्यामागच्या एंडपॉइंटच्या याद्या करतात. रेडिनेस प्रोब (तयार आहे का याची चाचणी) पास झाला की पॉड यादीत, नापास झाला की बाहेर. तरीही बाहेरच्या रजिस्ट्रीसाठी पत्ता लागलाच तर तो शोधू नका, मागून घ्या: पॉडच्या वर्णनात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘स्टेटस.पॉडआयपी’ जोडलं की कंटेनर सुरू होताना तो हातात असतो. अ‍ॅमेझॉनच्या ईसीएसवर फारगेटमध्येही टास्कला स्वतःचं कार्ड मिळतं, आणि मेटाडेटाचा, म्हणजे टास्कची स्वतःची माहिती जिथं मिळते तो, पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून कंटेनरला दिलेला असतो. तिथं विचारलं की आयपी मिळतो.

दोन गोष्टी ज्या कोडमध्ये सापडत नाहीत

मॅक किंवा विंडोजच्या लॅपटॉपवर डॉकर डेस्कटॉप असेल तर कंटेनरच्या १७२.१८.०.३ ला लॅपटॉपवरून पिंग लागत नाही. तिथं कंटेनर एका लपलेल्या लिनक्स मशीनमध्ये चालतात आणि तो ब्रिज त्या मशीनच्या आत असतो. तुमचं काही चुकलेलं नाही. लॅपटॉपवरून जायचं तर उघडलेल्या पोर्टनंच जा.

दुसरं, क्लायंटचं व्हीपीएन जोडलं की कंटेनरना काहीतरी होतं, अशी तक्रार आली तर दोन्हीकडचे आकडे समोरासमोर मांडा. मोठ्या कंपन्यांची आतली नेटवर्कही १७२.१७ किंवा १७२.१८ वर असतात. मग तिकडे जाणारं पॅकेट तुमच्याच ब्रिजमध्ये शिरतं. ‘ईटीसी/डॉकर’ खालच्या ‘डेमन.जेसन’ फाइलमध्ये डिफॉल्ट ब्रिजसाठी ‘बीआयपी’ आणि बाकी नेटवर्कसाठी ‘डिफॉल्ट-अ‍ॅड्रेस-पूल्स’ बदलून डॉकर पुन्हा सुरू करा. आधी बनवलेली नेटवर्क त्यानं बदलत नाहीत, ती काढून परत बनवावी लागतात.

तपासायचं ते येणाऱ्याच्या जागेवरून

नोंद झाली, रजिस्ट्री हिरवी झाली, तरी काम संपलं असं समजू नका. ज्याला भावकडे जायचं आहे त्या पावतीच्या कंटेनरमधून जाऊन बघा. पावतीत शेल नसेल तर तिच्या मशीनवर ही कमांड द्या: ‘डॉकर रन --आरएम -आयटी --नेटवर्क कंटेनर:पावती अल्पाइन’. यानं एक नवा अल्पाइन उघडतो, पण नेटवर्क पावतीचं वापरतो. तिचेच पत्ते, तिचेच रस्ते. डिस्ट्रोलेससाठी मघाशी म्हटलेला उपाय हाच. इथून रजिस्ट्रीत दिसणाऱ्या पत्त्यावर आणि पोर्टवर ‘डब्ल्यूगेट’नं ‘भाव/हेल्थ’ मागा.

काहीच उत्तर न येता वेळ संपली, तर रस्ता नाही: चुकीच्या नेटवर्कचा पत्ता किंवा मध्ये फायरवॉल. लगेच ‘रिफ्यूज्ड’ आलं, तर त्या पत्त्याचं मशीन आहे पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही: पोर्ट आतला दिलात की बाहेरचा ते बघा, मग सर्व्हिस १२७.०.०.१ वर तर ऐकत नाही ना ते बघा. आणि चारशे चार आलं तर लॉग वाचत बसण्याआधी होस्टवर इन्स्पेक्ट करून त्या पत्त्यावर आज कोण राहतं ते बघून घ्या.